सदाफुलीचा काढा केमोसोबत दिला तर? (पुतण्याच्या ल्युकेमियासाठी विचारतोय)

मयेकाठचा
धाकट्या भावाचा मुलगा, आठ वर्षांचा. ए.एल.एल., म्हणजे अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. पहिला टप्पा, ज्याला इंडक्शन म्हणतात, तो पार पडला आणि अस्थिमज्जेच्या तपासणीत ब्लास्ट, म्हणजे आजाराच्या कच्च्या पेशी दिसल्या नाहीत. पुढची केमो चालू आहे. डॉक्टर समाधानी आहेत, पोर पुन्हा बॅट घेऊन अंगणात उतरतंय.

अडचण घरात आहे. वयनीने कुठेतरी वाचलं की त्याला देतात ते व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून बनतं. आमच्या तुळशीवृंदावनाच्या कडेला सदाफुलीची ओळच आहे. तेव्हापासून आईचं एकच पालुपद: "सुईतून देतात तेंच फूल दारात फुकट फुलतां, मग सकाळी चार पानां उकळून दिली तर बिघडलां खंय?" त्यात मावसभाऊ गुळवेल सत्त्व आणि कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेऊन आला. सोबत एक लेखही पाठवला: वनस्पतीतली द्रव्यं आणि केमो एकत्र दिल्यावर ल्युकेमियाच्या पेशी जास्त मरतात. लेख एका विद्यापीठातला आहे, भोंदूगिरी वाटत नाही.

अजून काहीच दिलेलं नाही. पण आईला नुसतं "नको" म्हणून भागत नाही. ती चौथीपर्यंत शिकली, पण कारण पटलं की ऐकते. तर कारण हवंय. आणि लेखात तथ्य असेल तर तेही सांगा, उगाच पोराचा फायदा बुडायला नको.

औषधवाली
दादा, सदाफुलीचा काढा अजिबात देऊ नका. आधी हे, मग कारण.

मी फोंड्याला फार्मसीत आहे, आधी काही वर्षं केमोची औषधं तयार करण्याच्या कामात होते. सदाफुलीत शंभराहून जास्त अल्कलॉइड आहेत. त्यातली दोन कॅन्सरसाठी वापरतात, व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन. रेणू म्हणून दोघं जवळजवळ जुळे, एका टोकाला थोडासा फरक. पण त्या फरकाने अंगावर होणारा परिणाम बदलतो. व्हिन्क्रिस्टिन नसांना त्रास देतं, मज्जेला तुलनेने कमी. व्हिन्ब्लास्टिन मज्जा दाबतं, पांढऱ्या पेशी खाली आणतं. आणि पानात व्हिन्ब्लास्टिनच जास्त असतं, व्हिन्क्रिस्टिन अगदी नावाला. एक ग्रॅम काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे चार पानांत तुम्हाला हवं ते जवळपास नाही, नको ते आहे. शिवाय रक्तदाब आणि साखर खाली नेणारी इतर द्रव्यं आहेत ती वेगळीच.

आता मात्रा बघा. मुलांना व्हिन्क्रिस्टिन शरीराच्या पृष्ठभागाप्रमाणे मोजतात, चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम, आणि कितीही मोठा माणूस असला तरी एका वेळी साधारणपणे दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. मिलिग्रॅम म्हणतेय मी. ते फक्त शिरेतून जातं. चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेलं तर माणूस जवळजवळ वाचत नाही, म्हणून हल्ली सिरिंजऐवजी छोट्या पिशवीतून द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतक्या बेताने वापरायचं औषध आणि अंदाजपंचे काढा, यांची जोडी कशी लावणार?

आईंना असं सांगून बघा: हुमणात मीठ मोजून घातलंय, त्यात शेजारीण न विचारता मूठभर आणखी टाकून गेली. चांगल्या मनाने टाकलं म्हणून हुमण खाता येतं का?

सुशेगाद_बाबा
म्हणजे झाड आमचं, औषध त्यांचं, आणि आम्ही पान तोडलं की विष. कंपन्यांना बरं जमतं हे. आमच्या आज्या सदाफुलीची पानं मधुमेहाला खायच्या, कोण मेलं?

रानवाटा_सत्तरी
@सुशेगाद_बाबा, तुमचा मधुमेहाचा मुद्दा घेऊनच सांगतो. वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त, वाळपईला असतो. या औषधाचा शोध मधुमेहाच्या चहातूनच लागला आणि त्यात तुमचं उत्तर आहे.

१९५० च्या दशकात कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठात रॉबर्ट नोबल नावाचे संशोधक होते. जमैकात लोक सदाफुलीच्या पानांचा चहा मधुमेहावर पितात हे कळल्यावर तिथून पानं आली. त्यांनी उंदरांना अर्क तोंडाने पाजला. साखरेवर काहीच परिणाम नाही. मग टोचून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. का, म्हणून पाहिलं तर पांढऱ्या पेशी कोसळलेल्या आणि मज्जा रिकामी झालेली. साखरेसाठी गेलेला माणूस इथे थांबला असता तर गोष्ट संपली असती. नोबलना वाटलं, पांढऱ्या पेशी इतक्या मारणारं द्रव्य पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल. चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाने त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं. तिकडे अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा याच झाडावर काम करत होते, त्यांच्याकडून व्हिन्क्रिस्टिन आलं. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

तर तोंडाने घेतलेल्या चहाने उंदराला काही झालं नाही, शिरेत गेलेल्या अर्काने तो मेला. आज्या का जगल्या, ते यातच आलं. पोटातून ही द्रव्यं नीट शोषली जात नाहीत, किती जातील याचा भरवसा नाही.

आणि "झाड आमचं" म्हणाल तर सदाफुली मूळची मादागास्करची. आपल्या सह्याद्रीतलं झाड म्हणायचं तर नरक्या. त्यात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य सापडतं हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. पुढे त्याच्या लाकडाची घाटात एवढी तोड झाली की कित्येक जागी झाड शोधावं लागतं. त्याची कहाणीही ऐका. मूळ कॅम्प्टोथेसिन १९७० च्या सुमाराला रुग्णांना देऊन पाहिलं तर मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान केली, तेव्हा कुठे १९९६ मध्ये औषध म्हणून उभी राहिली. ती मुख्यतः इतर कॅन्सरवर वापरतात, पण झाडातलं जसंच्या तसं चालत नाही याचं हे घरचं उदाहरण.

सुशेगाद_बाबा
मादागास्करचं माहीत नव्हतं. मास्तर, तुमच्यापुढे काय बोलणार. पण कंपन्यांबद्दलचं माझं मत तेच.

वॉर्डातला_डॉक्टर
रक्तविकार विभागात काम करतो. तुमच्या पुतण्याचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याच्याबद्दल नाही, एकूण बोलतो.

धाग्याच्या मथळ्यातला प्रश्न म्हणजे वनस्पती आणि केमो एकत्र. गंमत म्हणजे ते एकत्रच आहे, साठ वर्षं. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून. इटोपोसाइड हिमालयातही मिळणाऱ्या पोडोफायलम कुळातल्या द्रव्यावरून. सी.एम.एल.मध्ये, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, दुसरी औषधं निकामी ठरल्यावर वापरायचं ओमासेटॅक्सिन हे चिनी सेफॅलोटॅक्सस झाडातून आलं, त्याला २०१२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. चीनमध्ये तेच द्रव्य ए.एम.एल.च्या (अॅक्युट मायलॉइड ल्युकेमियाच्या) केमोत इतर औषधांसोबत फार पूर्वीपासून देतात. तेव्हा "तुमचे डॉक्टर वनस्पतींच्या विरोधात आहेत" हे खरं नाही.

मग एकत्र का देतात? १९४० च्या दशकात या मुलांना काहीच औषध नव्हतं. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना दिसलं की फोलिक अॅसिड दिल्यावर ल्युकेमिया उलट जोरात वाढतो. फोलिक अॅसिड म्हणजे जीवनसत्त्व हो, पालेभाजीतलं. त्यांनी मग उलटं केलं, फोलिक अॅसिडला अडवणारं अॅमिनोप्टेरिन दिलं. ते पुरवणारी लेडर्ली प्रयोगशाळा आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालची. १९४८ मध्ये फार्बर यांनी निकाल छापले: मुलं सुधारली. पण काही महिन्यांत आजार परत. पुढे प्रत्येक नव्या औषधाचं तेच झालं. एकटं औषध काही पेशी मारतं, उरलेल्या त्याला सरावतात.

१९६० च्या सुरुवातीला फ्राय आणि फ्रायराइख यांनी अमेरिकेत चार औषधं एकदम दिली: व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन, प्रेडनिसोन. तेव्हा लोकांनी त्यांना निर्दय म्हटलं. पण जोडी विचार करून लावली होती. चौघांचे हल्ले वेगवेगळ्या ठिकाणी आणि त्रासही वेगवेगळे. व्हिन्क्रिस्टिन पेशीतल्या ट्युब्युलिनला धरतं, त्यामुळे विभाजनासाठी लागणारे धागे बनत नाहीत, पेशी अर्ध्यातच अडकून मरते. ते मज्जेला फारसं दुखवत नाही, म्हणूनच मज्जा दुखवणाऱ्या औषधांच्या जोडीला बसतं. नसांच्या लांब तंतूंनाही तेच धागे लागतात, म्हणून बद्धकोष्ठ, जबडा दुखणं, पाऊल लुळं पडणं हे त्याचे त्रास. आज नीट उपचार मिळालेल्या मुलांपैकी सुमारे नव्वद टक्के पाच वर्षांनंतर जगतात, निदान श्रीमंत देशांत. आपल्याकडचा आकडा कमी आहे. त्याची कारणं: उशिरा येणं, संसर्ग, आणि मध्येच उपचार सोडणं.

शेवटच्या कारणाशी काढ्याचा संबंध आहे. मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परतू नये म्हणूनच्या टप्प्यात मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरिन महिनोन्महिने चालतात. दोन्ही यकृतावर ताण आणतात. आम्ही एन्झाइम बघून मात्रा वरखाली करतो. घरी गुपचूप काही चाललं असेल आणि एन्झाइम वाढले, तर आम्ही दोष केमोला देणार, केमो थांबवणार. मूल काढ्यापायी खऱ्या औषधाला मुकणार. मेंटेनन्सच्या गोळ्या चुकल्या की आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे नीट अभ्यासलेलं आहे.

मयेकाठचा
डॉक्टर, फोलिक अॅसिडचं ऐकून धक्काच बसला. ते तर सगळ्या टॉनिकांत असतं.

वॉर्डातला_डॉक्टर
म्हणूनच टॉनिकसुद्धा विचारून. जेवणातल्या भाजीला कोणी ना म्हणत नाही. पण मेथोट्रेक्सेट चालू असताना फोलिक अॅसिडची गोळी स्वतःच्या मनाने नाही. मोठ्या मात्रेच्या मेथोट्रेक्सेटनंतर ल्युकोव्होरिन देतात, तेही फोलेटच, पण घड्याळ लावून आणि रक्तातली पातळी मोजून.

वैद्य_पेडणे
दोन शब्द माझेही. बी.ए.एम.एस. आहे, पेडण्यात दवाखाना आहे. काढ्याबद्दल औषधवाली ताई म्हणतात ते मान्य. सदाफुली आयुर्वेदाच्या ग्रंथांतली नाहीच, ती पोरक्या घरगुती औषधांत मोडते. पण इथे सूर असा लागतोय की आमच्याकडे फक्त भोळेपणा आहे. चीनने काय केलं ते बघा. मनशीळ, जी आमच्या रसशास्त्रात आहे, आणि नीळ, म्हणजे इंडिगो नॅचरॅलिस, यांच्यासोबत दोन मुळं घालून त्यांनी गोळी बनवली. ल्युकेमियाच्या एका प्रकारात ती आता रीतसर वापरतात. आमच्याकडे असं काही म्हटलं की लगेच भोंदू ठरवतात.

गुळवेलीबद्दलही सांगतो. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेऊन यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांचा अहवाल छापला, तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं, रुग्णांनी नेमकी कुठली वेल खाल्ली याची ओळखच नीट पटवली नव्हती.

वॉर्डातला_डॉक्टर
वैद्यबुवा, चीनचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, मला ते खूप आवडतं. तो प्रकार म्हणजे ए.पी.एल., अॅक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. एके काळी सगळ्यात घाबरवणारा, रक्तस्रावाने दोन दिवसांत माणूस जायचा. शांघायच्या वांग झेनयी यांनी १९८० च्या दशकात त्यावर जीवनसत्त्व अ पासून बनणारं रेटिनॉइक अॅसिड वापरून दाखवलं. हार्बिनमध्ये १९७० च्या दशकात झांग टिंगडोंग एका खेडवळ औषधाच्या मागे लागले होते. त्यातले घटक एकेक करून तपासले, तेव्हा खरं काम सोमल, म्हणजे आर्सेनिक करतं हे दिसलं. आज कमी-मध्यम जोखमीच्या ए.पी.एल.ला ही दोनच औषधं देतात, नेहमीची केमो जवळपास लागतच नाही, आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

तुम्ही म्हणता ती मनशीळ-निळीची गोळी रेटिनॉइक अॅसिडसोबत देऊन शिरेतल्या आर्सेनिकशी तुलना केली. निकाल तोडीस तोड आले. मी हे नाकारणार नाही. पण कसं केलं बघा: गोळीतलं आर्सेनिक सल्फाइड मोजलेलं, मात्रा वजनाप्रमाणे ठरलेली, ई.सी.जी. आणि यकृताच्या तपासण्या चालू, आणि ए.पी.एल. हे निदान जनुक तपासून पक्कं केलेलं. ए.एल.एल.च्या मुलाला कोणी भस्माची पुडी दिली तर त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

गुळवेलीच्या वादात ओळखीचा मुद्दा तुमचा बरोबर असेलही. पण मला त्यातून उलटंच दिसतं. बाजारातल्या पुडीत कुठली वेल आहे हे तज्ज्ञांनाही ठरवता येत नसेल, तर मावसभावाने आणलेल्या डबीत काय आहे हे मयेकरांना कसं कळणार?

वैद्य_पेडणे
हा मुद्दा मानतो. द्रव्याची ओळख आणि शुद्धी हे तर आमच्याच शास्त्राचं पहिलं सूत्र, बाजाराने सोडलंय. पण मग धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र २०२२ पासून उभं आहे, तिथे रुग्ण पाठवायला तुमचे लोक का कचरतात?

वॉर्डातला_डॉक्टर
कचरतात हे खरं आहे आणि ते मला पटत नाही. उघडपणे, दोन्हीकडच्या कागदांवर नोंद करून कोणी दाखवत असेल तर माझी हरकत नाही. मला भीती गुपचूप चालतं त्याची आहे.

गोळी_रोजची
मडगावहून. मला सी.एम.एल. आहे, रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंटचा दावा फेटाळला नसता तर माझ्यासारख्यांना ही गोळी परवडली नसती, म्हणून ती तारीख पाठ आहे. @सुशेगाद_बाबा, कंपन्यांवरच्या तुमच्या रागात मी थोडा भागीदार आहे.

निदान झाल्यावर मीही हळदीच्या नादाला लागलो. रोहतकचा एक अभ्यास सापडला होता: सी.एम.एल.चे ५० रुग्ण, अर्ध्यांना नुसतं इमॅटिनिब, अर्ध्यांना सोबत हळदपूड दुधातून, दिवसाला १५ ग्रॅम, सहा आठवडे. कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, यात मोजलं काय? मोजली होती रक्तातली नायट्रिक ऑक्साइड नावाची एक गोष्ट. ती कमी झाली होती. माझ्या आजाराची पातळी ज्यावर ठरते ती बी.सी.आर.-ए.बी.एल. तपासणी त्यात नव्हती, रुग्ण किती जगले हेही नव्हतं. तेव्हापासून कुठलाही लेख आला की आधी बघतो, मोजलंय काय.

पथ्यातल्या दोन गोष्टी सांगतो. इमॅटिनिबच्या पत्रकावर ग्रेपफ्रूट टाळा असं असतं, ते फळ आपल्याकडे नाही म्हणून मी निर्धास्त होतो. डॉक्टर म्हणाले त्याचा भाऊबंद आहे की, आपण माटोळीला बांधतो ते तोरिंजन, म्हणजे पपनस. तर चतुर्थीला बांधतो, खात नाही. दुसरं, मध्यंतरी मन फार खचलं तेव्हा "मनाला उभारी देणारी नैसर्गिक" कॅप्सूल ऑनलाइन मागवली होती. तिच्यात सेंट जॉन्स वर्ट. डबी दाखवल्यावर डॉक्टरांनी ती टेबलावरच ठेवून घेतली.

औषधवाली
डॉक्टरांनी बरोबर केलं. निरोगी माणसांवर तपासलंय: सेंट जॉन्स वर्टने इमॅटिनिबची रक्तातली पातळी साधारण तीस टक्के खाली येते. यकृतातलं सीवायपी ३ए४ हे एन्झाइम ते जोरात चालवतं, गोळी लवकर जळून जाते. तोरिंजन-ग्रेपफ्रूट त्याच एन्झाइमला दाबतात, मग गोळी साचते. व्हिन्क्रिस्टिनही याच वाटेने निघतं. म्हणून तर बुरशीसाठी इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल दिलं की व्हिन्क्रिस्टिनचा नसांवरचा त्रास भयंकर वाढतो.

आता मावसभावाच्या कर्क्युमिन कॅप्सूलकडे येते. डबीवर बघा, बहुधा "पायपरिनयुक्त" लिहिलेलं असेल. पायपरिन म्हणजे मिरीतलं द्रव्य. एका छोट्या अभ्यासात त्याने कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढलेलं दिसलं, म्हणून घालतात. पण ते वाढतं कसं? शरीर ज्या मार्गाने बाहेरची द्रव्यं निकाली काढतं तेच मार्ग अडवून. मग केमोचं औषधही अडणार नाही याची हमी कोण देणार?

आजीची_पेटी
मग हळदच बंद? श्रावणात पातोळ्यो हळदीच्या पानांत उकडतो आम्ही. आणि हळद नसलेलं खतखतें कोण खाणार?

औषधवाली
काकी, पातोळ्यो खुशाल खा. स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीबद्दल कोणी बोलत नाही. प्रश्न ग्रॅममध्ये मोजाव्या लागणाऱ्या अर्काचा आहे.

संचालक
"सात दिवसांत ब्लड कॅन्सर मुळासकट" अशा मजकुराचे आणि फोन नंबर असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. तो सदस्य पुन्हा लिहू शकणार नाही.

मयेकाठचा
सगळ्यांचे आभार. देव बरें करूं. मावसभावाच्या लेखाचं मात्र राहिलं. त्यात म्हटलंय की ल्युकेमियाच्या पेशी औषध बाहेर फेकणारा एक पंप बनवतात आणि कर्क्युमिन, क्वेर्सेटिन असली द्रव्यं तो पंप बंद करतात, मग कमी केमोतही पेशी मरतात. हे खोटं आहे का?

वॉर्डातला_डॉक्टर
खोटं नाही. पंपाचं नाव पी-ग्लायकोप्रोटीन. व्हिन्क्रिस्टिन, डॉनोरुबिसिन, इटोपोसाइड या सगळ्यांना तो पेशीबाहेर टाकतो. बशीतल्या पेशींवर ही वनस्पतीद्रव्यं तो अडवतात, हे कित्येक प्रयोगशाळांत दिसलंय. तुमच्या भिरंडीतल्या गार्सिनॉलनेही एच.एल.-६० या प्रयोगशाळेतल्या ल्युकेमिया पेशी मरतात. म्हणून सोलकढी केमो होत नाही.

बशीत द्रव्याची जी तीव्रता वापरतात, ती बरेचदा दहा, वीस, पन्नास मायक्रोमोल. माणसाने आठ ग्रॅम कर्क्युमिन खाल्लं तरी रक्तात एक-दोन मायक्रोमोलच्या पुढे जाणं मुश्कील, बहुतेकदा त्याहून खूपच कमी. ही पहिली अडचण. दुसरी मोठी. तोच पंप आतड्यात, यकृतात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही आहे आणि तिथे तो आपली राखण करतो. पंप बंद करण्याची कल्पना डॉक्टरांनी सोडून दिली होती असं समजू नका. खास त्यासाठी घडवलेली, हळदीपेक्षा कितीतरी तगडी औषधं केमोसोबत देऊन पाहिली. ए.एम.एल.च्या वयस्क रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत व्हॅल्स्पोडारच्या गटात सुरुवातीलाच मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून तो गट बंद करावा लागला. झोसुक्विडारने अपाय तसा झाला नाही, पण फायदाही दिसला नाही. माझं मत विचाराल तर जिथे नेमकं औषध हरलं तिथे कॅप्सूल जिंकेल ही आशा फार पातळ आहे.

उलट दिशेचाही पुरावा आहे. २००२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी आणि उंदरांवर केलेल्या कामात कर्क्युमिनने केमोचं मारणंच कमी केलेलं दिसलं. हाही माणसांवरचा पुरावा नव्हे. पण जोडीने नेहमी बळच वाढतं असं नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

रानवाटा_सत्तरी
डॉक्टर, रोहितुकिनचं सांगाल का? मला त्यातलं झाड माहीत आहे, पुढचं औषधाचं नाही. डायसॉक्सिलम, पश्चिम घाटातला उंच वृक्ष, कडुनिंबाच्या कुळातला. त्याच्या सालीवर मुंबईतल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात काम झालं होतं.

वॉर्डातला_डॉक्टर
मास्तर, या विषयाला याहून चांगलं उदाहरण नाही. रोहितुकिनवरून तिथे फ्लॅव्होपिरिडॉल घडवलं गेलं, आता अल्व्होसिडिब म्हणतात. पेशीविभाजनाची चक्रं फिरवणारी सी.डी.के. एन्झाइम अडवणाऱ्या औषधांत माणसांवर चाचणीला गेलेलं हे पहिलं. ए.एम.एल.मध्ये आधी अल्व्होसिडिब, मग सायटाराबिन, मग मायटोझॅन्ट्रोन अशा क्रमाने देऊन नेहमीच्या सात अधिक तीन केमोशी तुलना केली. १६५ रुग्ण. रोग पूर्ण मागे हटला तो ७० टक्क्यांत, नेहमीच्या एका फेरीत ४६ टक्क्यांत. ऐकायला जोरदार ना? पण एकूण जगण्याच्या काळात ठळक फरक पडला नाही. सी.एल.एल.मध्ये (क्रॉनिक लिम्फोसिटिक ल्युकेमियात) तर पेशी इतक्या झपाट्याने फुटायच्या की पोटॅशियम वाढून जिवावर बेतायचं. औषध अजून बाजारात आलेलं नाही.

मावसभावाला हे सांगा. शुद्ध रेणू, ठरलेला क्रम, शंभराहून जास्त रुग्ण, आणि तरीही उत्तर "अजून नाही".

आजीची_पेटी
मी गव्हांकुराचा रस सुचवणार होते. शेजारच्या मुलीला दिला होता म्हणे.

औषधवाली
काकी, तो कच्चा असतो. पांढऱ्या पेशी खाली असताना मातीतले जंतू आणि बुरशी थेट पोटात. शिजवलेलं ताजं अन्न, साल काढलेलं फळ हे बरं. आणि ताप ३८ अंशांच्या वर गेला तर रात्र बघायची नाही, काढा नाही, पॅरासिटामॉल देऊन वाट बघणं नाही, सरळ इस्पितळ.

मयेकाठचा
काल आईला सगळं वाचून दाखवलं. उंदरांच्या गोष्टीवर थांबून म्हणाली, "म्हणजे ताणें तोंडान पिलें तेन्ना कांयच जावंक ना?" आणि मग हुमणाच्या मिठावर हसली. गुळवेल आणि कॅप्सूलच्या डब्या पुढच्या भेटीला डॉक्टरांना दाखवणार आहोत. तिने एकच अट घातली: मग पोराचं तोंड आलंय त्याला काय द्यायचं ते तरी विचार.

वैद्य_पेडणे
ते मीही सांगू शकतो, पण आधी केमोच्या डॉक्टरांना विचारा, कारण तोंड मेथोट्रेक्सेटने आलं असेल तर त्यांना कळायलाच हवं. तोवर तिखट-आंबट बंद, मऊ पेज, कोमट मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या. मध नको, कच्चा असतो. माझ्याकडे आणलंत तर तुमच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून देईन, काय दिलं, किती दिलं.

नवीन_सदस्य_काणकोण
उशिरा आलो. मामफळाच्या पानांच्या चहाबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे वडिलांना सी.एल.एल. आहे, केमो अजून सुरू नाही, डॉक्टर "नुसतं लक्ष ठेवू" म्हणतात. तोवर हा चहा चालेल का?

औषधवाली
नको. मामफळात अॅनोनासिन असतं, ते चेतापेशींना विषारी आहे. ग्वाडेलूप बेटावर मामफळ आणि त्याच्या पानांचा चहा भरपूर घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त दिसला, १९९९ पासून त्यावर लिहिलं गेलंय. कधीमधी फळाची फोड खाल्ली तर गोष्ट वेगळी, रोजचा चहा नाही.

सी.एल.एल.मध्ये "लक्ष ठेवू" हा उपचार टाळणं नव्हे, कित्येकांना वर्षानुवर्षं औषध लागतच नाही. वनस्पतींपैकी या टप्प्यावर नीट तपासलेली गोष्ट म्हणजे हिरव्या चहाचा अर्क, अमेरिकेत मेयो क्लिनिकने तपासला. काहींच्या लिम्फोसाइटची संख्या थोडी उतरली, पण ती मात्रा चहाच्या कपातून मिळत नाही आणि तसल्या अर्काने यकृताची एन्झाइम वाढल्याचंही दिसलंय. वडिलांच्या पुढच्या रक्ततपासणीची तारीख काय आहे? आणि सध्या त्यांना रक्तदाब-मधुमेहाच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते लिहा.